दिवसा घरात कोण असतं

१

खुर्चीवर उशी ठेवायची, पाण्याची बाटली उजव्या हाताला, कागदांचा गठ्ठा डाव्या हाताला, आणि चष्मा पुसून कामाला लागायचं. वहिनींचा दिवस असा सुरू व्हायचा. ऑफिसात त्यांना सगळेच वहिनी म्हणत. मुळात त्या कुणाच्या वहिनी, हे आता कुणाला आठवतही नव्हतं.

काम म्हणाल तर डोळे मिटून करण्यासारखं, फक्त डोळे मिटता येत नसत. पाहणीची माणसं शहरभर दारोदार जात आणि प्रत्येक घराचा एक कागद भरून आणत. तो कागद बघून वहिनींनी आणि बरोबरच्या बायकांनी तीच माहिती साईटवर टाइप करायची. मजला कितवा, माणसं किती, नळ कुठे, जिना कसला. साईट मोठी हट्टी होती. एक रकाना रिकामा राहिला की खाली लाल अक्षरं उमटायची आणि पुढे जायचं बटण ढिम्म हलायचं नाही.

डोकेदुखी शेवटच्या रकान्याची होती. 'दिवसा घरात कोण असतं?' आग लागली, पाइप फुटला, तर हाक कुणाला मारायची, म्हणून तो ठेवला होता म्हणे. त्यात एकच माणूस मावायचं. आता निम्म्या घरांना दिवसभर कुलूप असतं, तिथे पाहणीवाला कागदावर रेघ मारून मोकळा व्हायचा. साईटला रेघ चालत नसे. 'कुणी नाही' असं लिहिलं तर 'नाही' हा शब्द बघूनच ती लाल व्हायची. वहिनींनी एकदा 'कुलूप' लिहिलं. साईटनं ते घेतलं, पण साहेबांनी घेतलं नाही.

"कुलूप काय माणूस आहे का वहिनी?"

"माणूस नाही म्हणून तर कुलूप आहे ना साहेब."

"ते मला सांगू नका. काहीही घाला, पण माणूस घाला."

वहिनींनी 'मावशी' घातलं. कुणाच्याही घरी एखादी मावशी असू शकते, आणि नसली तरी कुणाचं काही जात नाही. ते इतकं सोयीचं पडलं की लवकरच सगळ्याच बायका कुलपाच्या घरांत मावशी बसवू लागल्या.

"आज किती मावश्या झाल्या हो वहिनी?" धाकटी विचारायची. धाकटी म्हणजे शेजारच्या टेबलावरची. वयानं सगळ्यांत लहान आणि बोलण्यात सगळ्यांची आजी.

"पोत्यानं," वहिनी म्हणायच्या, आणि पुढचा कागद ओढायच्या.

२

मग साहेबांनी एक सॉफ्टवेअरवाला आणला. पाठीवर बॅग, गळ्यात हेडफोन, आणि समोरच्याकडे न बघता बोलायची सवय.

"तुम्ही एक कागद नेहमीसारखा भरून दाखवा," तो वहिनींना म्हणाला. "तो बघून ठेवेल. मग तो तसाच भरत राहील."

"तो म्हणजे कोण?"

"प्रोग्राम."

वहिनींनी गठ्ठ्यातला वरचा कागद उचलला. घर कुलपाचं निघालं. शेवटच्या रकान्याशी आल्यावर बोटांनी आपल्या सवयीनं मावशी लिहिलं आणि बटण दाबून मोकळी झाली. नंतर सॉफ्टवेअरवाल्यानं कुठल्या रकान्यात स्कॅन केलेल्या कागदाची कुठली ओळ उचलून टाकायची, हे एकेक करून जोडून दिलं, आणि चहा न घेताच गेला.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातल्या टेबलावर ब्राउझर आपला आपण उघडला. खुर्ची रिकामी, कीबोर्ड गप्प, आणि पडद्यावर अक्षरं पडतायत. रकाना भरला की उडी मारून पुढचा. वहिनी चहाचा कप घेऊन बघत उभ्या राहिल्या. खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं. मनगटं दुखायची थांबतील म्हणून. घर भरून झालं. शेवटी मावशी. पुढचं घर आलं. सहा माणसं, त्यांत दोन म्हातारी. शेवटी मावशी. पुढचं घर. बाळंतीण आणि तान्हं मूल. मावशी.

वहिनींनी कप खाली ठेवला.

"अहो, हा रकाना चुकतोय," त्यांनी फोनवर सॉफ्टवेअरवाल्याला सांगितलं. "भरल्या घरात मावशी लिहितोय तो. कागदावर 'आजी' आहे, 'वडील' आहे, आणि हा सगळीकडे मावशीच घालत सुटलाय."

"तुम्ही दाखवलंत तेच करतोय तो."

"मी एका घराचं दाखवलं!"

"मग तो रकाना जोडायचा राहिला असेल. बघतो."

त्यानं बघितलं नाही. वहिनी साहेबांकडे गेल्या. साहेब गठ्ठे मोजत होते आणि खुशीत होते.

"मावशी कुणी आणली या ऑफिसात?" ते म्हणाले. "तुम्हीच ना? मग आता तुमचीच तक्रार कशी?"

याला काय म्हणावं? स्वतः सांगायचं माणूस घाला, आणि मग घालणारीचं नाव पुढे करायचं. पंधरवडा जायच्या आत बरोबरीच्या बायकांना 'आता गरज नाही' म्हणून घरी बसवलं. वहिनी आणि धाकटी उरल्या, नुसत्या देखरेखीला. तेवढंही सॉफ्टवेअरवाल्याला खुपलं असावं. त्यानं येऊन पडद्यावरचा ब्राउझरच बंद केला.

"आता खिडकी उघडायची गरज नाही. आतल्या आत चालेल. दिसणार नाही, पण काम होत राहील."

पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका तेवढा राहिला. तो विझायचा, पेटायचा. प्रत्येक पेटण्याला एक घर.

३

लंबू हा पाहणीवाल्यांतला सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत थापाड्या. त्यामुळे तो काही सांगू लागला की धाकटी आधीच हसायला बसायची. साईट अधूनमधून काही घरं निवडून फेरतपासणीला पाठवी, आणि ते काम लंबूकडे होतं.

"कोपऱ्यावरचं ते कुलपाचं घर," तो म्हणाला, "दोघंही कामाला जातात बघा. आज गेलो. कुलूप बाहेरून होतं तसंच. उगाच आपली कडी वाजवली. तर आतून आवाज आला."

"काय आला?"

"'घरात मी आहे. काय हवंय?' मी म्हटलं, तुम्ही कोण? म्हणाली, मावशी."

"घ्या," धाकटी टाळी देत म्हणाली. "पावली हो वहिनी तुमची मावशी."

लंबू हसला नाही. हेच वहिनींना खटकलं. थाप मारून झाली की तो आधी स्वतः हसायचा.

"मागून दुसरं दार असेल," वहिनी म्हणाल्या. "किंवा कुणी पाहुणी आली असेल आणि बाहेरून कुलूप लावून गेले असतील. लोक करतात असं."

"असेल," लंबू म्हणाला. तो आपल्या बुटाकडे बघत होता. "पण समोरच्या घरातले आजोबा पायरीवर बसलेले. डोक्यावर ऊन. त्या घराला कुठे कुलूप आहे? दार नुसतं लोटलेलं होतं. म्हटलं, आजोबा, आत बसा की. तर म्हणाले, आत मावशी आहे."

कोपऱ्यात हिरवा ठिपका विझला आणि पेटला. धाकटीनं उठून खिडकीचा पडदा उगाचच सरळ केला.

वहिनींना राग आला. कसला ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. म्हाताऱ्या माणसाला उन्हात बसवतात म्हणजे काय?

४

दोन दिवसांनी साहेबांनी त्यांना भरलेल्या कागदांची पेटी देऊन मोठ्या ऑफिसात पाठवलं. परत येताना वहिनींनी मुद्दाम वाकडी वाट केली आणि लंबूच्या त्या गल्लीत शिरल्या. दुपारची वेळ. मुलं शाळेत, कमावती माणसं कामावर. अशा वेळी गल्ली रिकामी असायची.

ती रिकामी नव्हती. दर दारापुढे एकेक माणूस बसलं होतं.

एका पायरीवर आजी, हातात अर्धवट खाल्लेली वाटी. पुढे पायाला प्लास्टर घातलेला माणूस, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. रात्रपाळीचा एक पहारेकरी बनियनवरच पाण्याच्या पिंपाला टेकून झोपला होता, तोंड उघडं. एक बाळंतीण बाळाच्या अंगावर स्वतःची सावली धरून बसली होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. दवाखान्यात नंबर यायची वाट बघावी, तशी सगळी गप्प.

वहिनी बाळंतिणीपुढे थांबल्या.

"बाई गं, या उन्हात बाळाला घेऊन का बसलीस? वीज गेलीय का?"

"नाही. आत मावशी आहे."

"तुझी मावशी? आईची बहीण?"

"नाही, माझी नाही." पोरीनं जरा विचार केला. "मावशी."

"मग तिला सांग ना, बाई, मला आत येऊ दे."

"ती घरात असते. संध्याकाळी आमचे हे आले की नसते." आणि मग जरा ओशाळून, "मी यांना सांगितलं. ते म्हणाले, बाळंतपणात असं होतं कधी कधी."

वहिनींच्या कानशिलात गरम रक्त चढलं. हो, होतं कधी कधी. संध्याकाळी पंख्याखाली बसून सांगायला काय जातं? त्या तरातरा दाराशी गेल्या आणि कडी वाजवली.

आत झाडू चालू होता. एक फटकारा, मग थोडं थांबणं. एक फटकारा, मग थांबणं. कडीच्या आवाजानं त्याच्यात काही फरक पडला नाही. वहिनींनी पुन्हा वाजवली, आणि मग हात तसाच वर राहिला, कारण शेजारच्या दारामागूनही झाडूचा आवाज येत होता. त्याच्या पलीकडूनही. फटकारा, थांबणं. फटकारा, थांबणं. साऱ्या गल्लीत एकच हात फिरत असल्यासारखा, सगळ्या घरांत एकाच क्षणाला.

गल्ली अरुंद आहे, आवाज घुमतो, वहिनींनी स्वतःला समजावलं. भिंतीला भिंत लागून आहे. एका घरातलं चार घरांत ऐकू जाणारच.

पहारेकऱ्यानं झोपेतच कूस बदलली आणि डोकं दगडावर आपटून घेतलं. त्याच्या डोक्याखाली वहिनींनी आपली पिशवी घडी करून सरकवली, आणि तशाच, रिकाम्या हातांनी, ऑफिसकडे निघाल्या.

५

"बंद करा ते," त्या साहेबांना म्हणाल्या.

"काय बंद करू?"

गल्लीतलं सगळं सांगावं, असं ठरवून त्या आल्या होत्या. साहेबांचा चेहरा बघितल्यावर त्यांना कळलं की तसं सांगितलं तर आपल्याला पाणी देतील आणि घरी पाठवतील. म्हणून त्यांनी सांगता येईल तेवढंच सांगितलं.

"शेवटचा रकाना चुकलाय. सगळ्या शहराचा. घरात खरीखुरी माणसं बसलीत आणि त्यांच्या जागी आपण भलतंच लिहिलंय. ते दुरुस्त करा."

"दुरुस्ती होते की," साहेब म्हणाले. "फेरतपासणी लागते. पाहणीवाल्यानं दिवसा त्या घरी जायचं, आत कोण आहे ते डोळ्यांनी बघायचं, कागदावर लिहून आणायचं. मग साईट दुरुस्ती घेते. प्रत्येक घराची वेगळी."

"प्रत्येक घराची?"

"नियम आहे."

"म्हणजे चूक करताना यंत्रानं करायची, एका दमात, आणि निस्तरताना लंबूनं एकेक दार वाजवत फिरायचं?"

"ओरडू नका वहिनी."

"मी ओरडत नाहीये. मी विचारतेय. हा तुमचा प्रोग्राम थांबवायला कुणाची सही लागते ते सांगा, मी पायऱ्या चढून जाते तिकडे."

साहेबांनी चष्मा काढला. "हे बघा. एका रकान्यानं काय बिघडतं? दिवसा घरात असतं तरी कोण? म्हातारी, आजारी, पोरंबाळं. कामाची माणसं तर बाहेरच असतात."

 एकदम वहिनींना नाना आठवले.

नाना म्हणजे त्यांचे सासरे. जन्मभर सुतारकाम केलं, आता गुडघे गेले. राहत्या घराचं दार त्यांच्याच हातचं, खिडकीपाशी असलेलं बाकडंही त्यांच्याच हातचं. दिवसभर ते त्या बाकड्यावर बसून असत. वहिनी सकाळी त्यांचं जेवण झाकून ठेवत, औषध वाटीत काढून ठेवत आणि बाहेरून दार ओढून घेत. सासू गेल्यापासून हे असंच चाललं होतं.

"आमच्या वसाहतीचे कागद कधी भरायचेत?" वहिनींनी धाकटीला विचारलं.

धाकटीनं यादी खाली सरकवली. "झाले की," ती म्हणाली, आणि वहिनींकडे बघितलं. "आज सकाळीच झाले वहिनी."

६

नाना जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते. पाय अनवाणी, डोळ्यांवर चष्मा नाही.

"सूनबाई, आज लवकर?"

"नाना, इथे का बसलात?"

"आत मावशी आहे ना."

"तिनं तुम्हाला बाहेर काढलं?"

"काढलं असं कसं म्हणू?" नानांना कुणाबद्दल वाकडं बोलवत नसे. "तिनं पुसायला घेतलं. मी बसेन तिथलंच पुसायला यायची. मी बाकड्यावरून खुर्चीवर गेलो, ती खुर्चीखाली आली. खुर्चीवरून पलंगावर गेलो, तिथेही आली. असं उठत उठत इथवर पोचलो."

वहिनींनी त्यांच्या पायांत स्वतःच्या चपला घातल्या. मग वर जाऊन किल्ली फिरवली. दार वीतभर उघडलं आणि आतल्या साखळीला अडलं. साखळी त्या घरात कुणी कधी लावत नसे.

आतला झाडू थांबला.

फटीतून घर दिसत होतं, आणि ते इतकं स्वच्छ होतं की परकं वाटत होतं. नानांची गादी गुंडाळून दोरीनं बांधून दाराशी उभी केली होती. बाजूला त्यांची काठी, त्यांचा रेडिओ, आणि वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेला चष्मा. माणूस गेल्यावर त्याच्या वस्तू काढून ठेवाव्यात, तसं सगळं एका ओळीत मांडलेलं.

"घरात मी आहे. काय हवंय?"

आवाजात राग नव्हता, माया नव्हती. कागदावरून वाचल्यासारखा.

"दार उघड," वहिनी म्हणाल्या.  "हे माझं घर आहे. ते दार ज्यांनी बनवलं ते माणूस खाली पायरीवर बसलंय. लाज नाही वाटत?"

"तुम्ही दिवसा नसता."

"मी नसेन. ते असतात!"

 साखळीच्या पलीकडे, स्वयंपाकघराच्या चौकटीशी काहीतरी हललं. आधी ओला हात दिसला, मग खांदा. मग ती वळली. वहिनींनी तिला क्षणभरच पाहिलं, आणि पुढे कितीही आठवून पाहिलं तरी तिचं वय काय असावं ते त्यांना ठरवता आलं नाही. म्हातारी म्हणावी तर तशी वाटत नव्हती, तरुण म्हणावी तर तसंही नाही. चेहरा होता. त्यावर वर्षंच नव्हती.

दार हळूच, न आपटता, लागलं.

संध्याकाळी वहिनींचे यजमान आले. सूनसासरे जिन्यात बसलेले बघून आधी हसले, मग काळजीत पडले. त्यांनी किल्ली लावली आणि दार सहज उघडलं. आत कुणी नव्हतं.

"अगं, घर किती लख्ख केलंयस," ते म्हणाले.

"मी केलं नाही."

"मग नानांनी गादी बांधली असेल. नाना, गादी कशाला बांधलीत?"  यजमानांनी प्रत्येक खोलीत दिवा लावून दाखवला, मोरीत लावला, कपाटही उघडून दाखवलं. "बघ. कुणी आहे का? तू फार दमलीयस. त्या ऑफिसनं डोकं पिकवलंय तुझं."

"तुम्ही संध्याकाळी येता," वहिनी म्हणाल्या. "दिवसाचं तुम्हाला काय कळणार?"

मग त्यांनी लंबूला फोन लावला. तो आढेवेढे घेऊ लागला. फेरतपासणीची घरं साईट निवडते, असं आपल्याला जाता येत नाही, शिवाय उद्या पोट बिघडणार आहे.

"हे बघ लंबू," वहिनी म्हणाल्या, "मी उद्या कामावर जाणार नाही. साहेबांना काय ओरडायचं ते ओरडू दे. मी आत असेन, नाना आत असतील. तू नुसतं येऊन दार वाजव. मी उघडते. तू नानांना डोळ्यांनी बघ आणि कागदावर लिही, दिवसा घरात सासरे असतात. एवढं एक घर तरी मी हातानं दुरुस्त करून घेणार आहे. मग पुढचं घर. मग त्याच्या पुढचं. बघते कोण थांबवतं ते."

"येतो वहिनी," लंबू शेवटी म्हणाला.

७

सकाळी यजमान डबा घेऊन गेले. वहिनींनी त्यांच्यामागे कडी लावली, साखळी काढून कपाटात टाकली आणि सगळ्या खोल्या बघितल्या. पलंगाखाली वाकून बघितलं. मग नानांची गादी पुन्हा पसरली, चष्मा पुसून त्यांच्या डोळ्यांवर चढवला, आणि त्यांना खिडकीपाशी बाकड्यावर बसवून स्वतः शेजारी बसल्या.

"तू कामावर जा," नाना म्हणाले. "माझं काय, मी जिन्यात बसेन. तिथे वाराही बरा असतो."

"तुम्ही कुठेही जाणार नाही."

जिन्यात दारं लागत होती. खालची मंडळी कामावर गेली, मग समोरची, मग वरची. शाळेची मुलं धडधडत उतरली. हळूहळू इमारत शांत झाली. बराच वेळ नुसत्या कबुतरांचा आवाज येत होता.

मग वरच्या मजल्यावरचं दार उघडलं. तिथल्या आजींची पावलं, एकेका पायरीवर थांबत, वहिनींच्या दारावरून खाली उतरली आणि थांबली. त्यानंतर खालच्या मजल्यावरची काठी टकटकत बाहेर पडली. भिंतीपलीकडे झाडू सुरू झाला. फटकारा, थांबणं.

वहिनींच्या घरात मात्र काहीच हललं नाही. त्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर नजर रोवून होत्या. ती रिकामी होती. फरशी कोरडी होती. घरात बाईमाणूस ठाण मांडून बसलं की कुणाची हिंमत होत नाही, असं त्यांच्या मनात आलं, आणि कालपासून पहिल्यांदाच त्यांनी पाठ टेकली.

बुटांचे आवाज वर येऊ लागले. लांब टांगा, दोन-दोन पायऱ्या एकदम. लंबूच. वहिनी उठल्या, दारापाशी गेल्या, कडीवर हात ठेवला. बाहेरून त्यानं वाजवलं.

"घरात मी आहे. काय हवंय?"

आवाज स्वयंपाकघरातून आला नाही. तो वहिनींच्या कानाशी, दाराच्या लाकडाला तोंड लावून कुणी बोलावं, तिथून आला. बाजूला कुणी नव्हतं.

बाहेर लंबूनं घसा खाकरला. "फेरतपासणी आहे. नाना आहेत का आत? सुतारनाना?"

"नाहीत."

"आणि वहिनी? त्यांनीच बोलावलं होतं मला."

"त्या दिवसा नसतात."

वहिनींनी कडी ओढली. नानांनी बसवलेली ती कडी, लहान मुलाच्या बोटानं सरकायची. ती सरकली नाही. "लंबू," त्या ओरडल्या, "अरे, मी इथेच आहे. नानाही आहेत. ऐक, ही खोटं बोलतेय, मी दार उघडतेय, थांब." त्यांनी दोन्ही हातांनी दार बडवलं. पलीकडे, चार बोटांच्या लाकडापलीकडे, लंबूचा श्वास स्पष्ट ऐकू येत होता. त्याच्या कागदाची सळसळ ऐकू येत होती. पेन झटकून त्यानं काहीतरी लिहिलं, तेही ऐकू आलं.

"बरं," लंबू म्हणाला. "वहिनी आल्या तर सांगा, येऊन गेलो म्हणून."

बूट खाली उतरू लागले, या खेपेला एकेका पायरीनं. खालच्या वळणावर त्या आजी त्याला काहीतरी म्हणाल्या आणि त्यानं त्यांना वाट करून दिली. मग तोही आवाज संपला.

वहिनींचे तळवे लाल झाले होते. त्यांनी वळून पाहिलं. नाना बाकड्यावर तसेच बसले होते. त्यांची नजर वहिनींकडे नव्हती, जरा बाजूला होती. मग घरात आलेल्या वडीलधाऱ्या बाईला जागा द्यावी तसे ते मुकाट्यानं भिंतीकडे सरकले.

वहिनी चार पावलांत बाकड्यापाशी पोचल्या आणि त्या मोकळ्या जागेवर स्वतः बसल्या. जागा आधीच गरम होती. वहिनींनी नानांचा हात धरला, पाय फरशीवर घट्ट रोवले, आणि त्या उठल्या नाहीत.